डबा क्रमांक सहा आणि एकोणीस

सोमवार, ३ मार्च

आजपासून पुन्हा डायरी. ही मोठ्या बाईंची आज्ञा. मोठ्या बाई म्हणजे आमच्या भूकंपमापन केंद्राच्या प्रमुख. आज मी त्यांच्या खोलीत जाऊन पाऊण तास तावातावाने बोलले. त्यांनी शांतपणे चहा संपवला आणि म्हणाल्या, "अगं, मला सांगायचं ते आधी घरी लिहून काढत जा. निम्मं तिथेच निवेल."

तर लिहिते. शहरातल्या चोवीस घरांत आमचे चोवीस डबे आहेत. डबा म्हणजे जमिनीची थरथर टिपणारं यंत्र. बुटांच्या खोक्याएवढं, तळमजल्याच्या कोपऱ्यात फरशीला स्क्रूने आवळलेलं. लोकांना वाटतं, धक्का आला की सगळं शहर सारखंच हलतं. अजिबात नाही! टेकडीच्या खडकावरचं घर अंग चोरून बसतं आणि खालच्या गाळावरचं घर पार नाचतं. शेजारची दोन घरं बहुतेक सारखी हलतात, लांबची वेगवेगळी. पण कधीकधी एकमेकांपासून लांब असलेली दोन घरंसुद्धा जुळ्यांसारखी हलतात, कारण दोघांच्या खालची माती एकच असते. कोण किती हलतं यापेक्षा कोण कुणाबरोबर हलतं, हे शोधायचं माझं काम. सतरा वर्षं हेच करतेय आणि अजून कंटाळा आलेला नाही.

भांडण कशावरून, तर नगरसमितीला अलीकडच्या काठावर तातडीचा दवाखाना बांधायचाय आणि पलीकडच्या काठावर अग्निशमन केंद्र. समितीचे इंजिनियर म्हणतात, "मधे एवढी मोठी नदी आहे. एक गेलं तरी दुसरं उरेल." मी म्हणते, दोन्ही जाणार, एकाच वेळी जाणार! दोन्ही काठ म्हणजे त्या नदीनेच पूर्वी इकडे तिकडे लोळून टाकलेला गाळ आहे. फेब्रुवारीत छोटा धक्का आला, तेव्हा दवाखान्याच्या जागेजवळचा सहा नंबरचा डबा आणि अग्निशमनाच्या जागेजवळचा एकोणीस नंबरचा डबा, दोघेही टेकडीच्या तिप्पट हलले. बरोबर एकाच वेळी, एकाच तालात.

आणि नेमके हेच दोन डबे बिघडलेत. दोघांवरही कसलीतरी थरथर येते आणि कशाची ते कुणालाच कळत नाही. बाई म्हणाल्या, "पंचवीस तारखेला समितीची बैठक. तोवर ही थरथर कशाची ते सांगता आलं नाही, तर सहा आणि एकोणीस अहवालातून बाहेर. यंत्र वेडं आहे असं समितीत कोणी म्हटलं तर बाकीचे बावीसही बुडतील."

ते दोन बाहेर गेले की माझ्या म्हणण्याला पुरावाच उरत नाही. मग दवाखाना तिथेच, बंबही तिथेच, आणि मोठा धक्का येईल त्या दिवशी दोन्ही एकदम आडवे.

मंगळवार, ४ मार्च

सहा नंबरचा डबा माझ्या आईच्या घरी आहे. सकाळी जाऊन तपासला. स्क्रू घट्ट, तार ठीक, सगळं ठीक. फक्त आईने त्यावर विणलेला रुमाल घातलाय, निळ्या काठाचा.

"आई, यावर काही ठेवायचं नाही म्हणून बजावलं होतं ना?"

"अगं, उघडाबोडका दिसतो बिचारा."

रुमालाने काही बिघडत नाही, पण मी काढून घडी घालून ठेवला. आई एकटीच राहते. बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली. दोन वर्षं मी तिच्या मागे लागलेय की आमच्याकडे राहायला ये. खोलीला रंग दिलाय, खिडकीला नवे पडदे लावलेत. तिचं आपलं एकच, "बघू." आज मी गुडघ्यांचा विषय काढला तर म्हणाली, "गुडघे बरेत आता." कसे काय बरे झाले? अडुसष्टाव्या वर्षी गुडघे आपोआप बरे होत नाहीत. मला बरं वाटावं म्हणून बोलत असणार.

दाराशी नवे बूट दिसले. चामड्याच्या तळाचे, पट्टीवाले. फरशीवर घसरशील म्हटलं, तर म्हणाली, "घसरायलाच हवेत ते." म्हातारपणी माणसं काहीही बोलतात.

गुरुवार, ६ मार्च

एकोणीस नंबर. पूल ओलांडून दहा मिनिटं. हे घर बँडमास्तरांचं. मास्तर म्हणजे पोलिस बँडमधून निवृत्त झालेले, सत्तरीचे, ताठ, मिशांना अजून मेण लावणारे. फार अदबशीर माणूस. मला कॉफी दिली, बिस्किटं दिली, आणि डबा तपासत होते तेवढा वेळ टॉर्च धरून उभे राहिले. दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होते मात्र. साडेतीन वाजता तर मला जवळजवळ दारापर्यंत पोचवायलाच आले. कुणी येणार असेल.

डबा ठणठणीत. यांच्याही डब्यावर विणलेला रुमाल, निळ्या काठाचाच. आजकाल सगळ्यांनाच विणकामाचं वेड लागलंय वाटतं.

बैठकीच्या खोलीतलं सगळं सामान भिंतीला लावून ठेवलं होतं. "रंगकाम काढलंय का?" विचारलं, तर मास्तर गोरेमोरे झाले आणि म्हणाले, "हो, म्हणजे, काढणार आहे."

शुक्रवार, ७ मार्च

सापडलं! निदान काहीतरी सापडलं.

महिन्याभराच्या नोंदी एकाखाली एक लावल्या. सहा नंबरवर ती थरथर मंगळवारी आणि शुक्रवारी, दुपारी चार ते पाच. एकोणीसवर सोमवारी आणि गुरुवारी, दुपारी चार ते पाच. एकदाही चूक नाही. आणि गंमत पुढेच आहे: एकोणीस थरथरतो तेव्हा सहा नंबर निपचित पडलेला असतो. एरवी आईची पावलं, भांडी, दार असलं काहीतरी दिसतंच, त्या वेळी काही म्हणजे काही नाही. सहा थरथरतो तेव्हा एकोणीस तसाच गप्प. एक वर, दुसरा खाली. नदीच्या दोन बाजूंना!

थरथरीचा आकारही ठरलेला. एक मोठा टोला, दोन छोटे. एक मोठा, दोन छोटे. मधेच थांबते, कधी सगळा गोंधळ होतो, मग पुन्हा पहिल्यापासून.

नवऱ्याला कागद दाखवला. तो पोहायला शिकवतो. यंत्रातलं त्याला ओ की ठो कळत नाही, पण घरात दुसरं आहे कोण? त्याने कागद बघितला, टेबलावर बोटांनी वाजवून बघितलं, ठॅक-टिक-टिक, ठॅक-टिक-टिक, आणि एकदम हसत सुटला.

"काय झालं?"

"काही नाही. आईंना विचार ना."

"आईला काय कळतंय यातलं?"

"तेही खरंच," असं म्हणून पुन्हा हसला. मी म्हटलं, तू आपला काठावर उभा राहून शिट्टी वाजव.

सोमवार, १० मार्च

शनिवार-रविवार खपून सिद्धांत तयार केला. नदीखालून पाणी! अलीकडच्या काठावर कुठेतरी पंप सुरू होतो, जमिनीतलं पाणी इकडे ओढलं जातं, पलीकडचा गाळ सैल होऊन गप्प बसतो. दुसऱ्या दिवशी उलट. म्हणजे दोन्ही काठ खालून जोडलेले आहेत, हे मी म्हणतेय तेच! आनंदाने मला जेवण जाईना. आकृत्या काढल्या, बाण काढले, निळा रंग भरला.

बुधवार, १२ मार्च

मोठ्या बाईंनी आकृत्या शेवटपर्यंत बघितल्या. मग चष्मा काढला.

"अगं, तुझी नदी शनिवार-रविवारी सुट्टी घेते?"

मी निळे बाण पुन्हा एकदा बघितले.

"आणि दुपारी चारलाच जागी होते?"

मी बाण काढलेले कागद गुंडाळून उठले. दाराशी पोचले तेव्हा मागून म्हणाल्या, "चित्रं मात्र सुरेख काढतेस." आवाजात हसू होतं. सगळेच हसतायत मला हल्ली.

पाणीखात्यात फोन केला. त्या दोन्ही भागांत पंपच नाही.

शनिवार, १५ मार्च

दहा दिवस उरले. कपडे धुण्याचं यंत्र नाही, शिवणयंत्र नाही, रस्त्याचं काम नाही. शेजाऱ्यांकडे चौकशी केली, सगळे मान हलवतात. आईची शेजारीण, ती शिवणकाम करणारी, तोंडाला पदर लावून आत पळाली. काय झालंय या लोकांना?

आईला म्हटलं, "मंगळवारी आणि शुक्रवारी चार वाजता तू घरीच असतेस ना? काही हादरल्यासारखं वाटतं का?"

आई वाटाणे सोलत होती. हातातली शेंग सोलून दाणे वाटीत टाकले. मग म्हणाली, "वाटतं कधीकधी."

"मग सांगायचं नाही का?"

"तुला सांगितलं की तू लगेच मोजायला बसतेस."

मी सरळ सांगून टाकलं की आई, हे माझ्या एकटीचं काम नाही. उद्या तू पडलीस, भाजलीस, तर ज्या दवाखान्यात जाशील तो उभा राहणार की नाही, ते या डब्यावर आहे. आणि हे कोडं सुटलं नाही तर डबा जाणार. आईचे हात थांबले. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात तिच्या गॅसवरचं दूध उतू गेलं. मग आवराआवर, मग मला उशीर झाला. राहूनच गेलं.

मंगळवार, १८ मार्च

काल एकोणीसवर ती थरथर आली नाही, आज सहावरही नाही. मंगळवार असून! चार वाजले, पाच वाजले, काही नाही. महिन्याभरात पहिल्यांदा. आता तर मला काहीच समजेनासं झालंय. बाईंना सांगितलं की एक घटक नाहीसा झाला. बाई म्हणाल्या, "कुणीतरी घाबरलं असेल." थरथर कशी घाबरेल?

गुरुवार, २० मार्च

आजचं आजच लिहायला हवं.

दुपारी चार वाजून सदतीस मिनिटांनी धक्का आला. मी केंद्रात होते. आधी एक ढुशी, मग खालून कुणी गाडा ओढतंय तशी घरघर. दिवे हलले, पेन्सिली गडगडल्या. मध्यम होता. कुणाला काही झालं नाही, पण तेव्हा ते माहीत नव्हतं.

पडद्यावर चोवीस रेषा उठल्या. टेकडीच्या बारीक, खालच्या जाड. सहा आणि एकोणीस इतक्या सारख्या की एक रेघ दुसरीवर गिरवल्यासारखी. मी टाळी वाजवणार होते, पण धक्का थांबल्यावर सहा नंबरवर पुढे काहीच नाही. एक पाऊलसुद्धा नाही. धक्का आला की आई धावत दाराशी जाते, नेहमी जाते, फेब्रुवारीत मी तिची सोळा पावलं मोजली होती. आज शून्य.

फोन वाजत राहिला, उचलला नाही. पुन्हा केला. पुन्हा.

मी धावले. खरंच धावले, चपला हातात घेऊन. रस्त्यात सगळे बाहेर उभे राहून बोलत होते, हसत होते आणि मी वेड्यासारखी त्यांच्यातून पळत होते. मनात नको नको ते. पडली असेल. गुडघे बरे आहेत म्हणाली आणि मी ऐकून घेतलं. दोन वर्षं नुसती 'ये, ये' म्हणत राहिले, हाताला धरून आणली नाही. देवा, एवढ्या वेळी तिला सांभाळ.

दाराला बाहेरून कुलूप. मी दार बडवायला लागले, तशी शेजारीण बाहेर आली.

"अहो, असं काय करता? गुरुवार ना आज? आज त्या मास्तरांकडे असतात."

म्हणजे जणू मलाच काही माहीत नाही. आणि नव्हतंच माहीत.

पूल ओलांडताना डोक्यात सगळं खटाखट बसत गेलं. मंगळवार-शुक्रवार इकडे, सोमवार-गुरुवार तिकडे. इकडे थरथर तेव्हा तिकडे कुणी नाही, तिकडे थरथर तेव्हा इकडे कुणी नाही. निळ्या काठाचे रुमाल. चामड्याचे बूट. एक मोठा, दोन छोटे. सतरा वर्षं कोण कुणाबरोबर हलतंय ते शोधतेय मी!

मास्तरांच्या अंगणात त्यांचं जेवणाचं टेबल उभं होतं, त्यावर चार खुर्च्या उलट्या. आतून गाणं ऐकू येत होतं, ताल तोच. खिडकीतून बघितलं. मास्तर ताठ उभे, एक हात आईच्या पाठीवर, ओठ हलतायत, एक-दोन-तीन. आणि माझी आई नवे बूट घालून गोल गोल फिरतेय. आई हसत होती. तोंड उघडं टाकून, लहान मुलीसारखी. नऊ वर्षांत मी तिला असं हसताना बघितलं नव्हतं, आणि मला वाटत होतं की ती आता तशी हसतच नाही.

मी खिडकीला धरून तिथेच रडायला लागले. मास्तरांना दिसले. त्यांनी गाणं बंद केलं, मान झुकवली आणि म्हणाले, "आपल्याला कळवायला हवं होतं. चूक माझी."

"चूक कसली?" आई म्हणाली. "आत ये आधी. पाय बघ तुझे! चपला कुठे आहेत?"

हातातच होत्या.

शुक्रवार, २१ मार्च

आईने सगळं सांगितलं. वाचनालयात ओळख झाली. मास्तरांकडे जुनी तबकडी लावायचं यंत्र, आईला लहानपणापासून नाचायची हौस, बाबांना अजिबात नव्हती. पाच महिने झाले. सोमवारी-मंगळवारी मुद्दाम नाचले नाहीत, मी दवाखान्याचं बोलले म्हणून. "म्हटलं, आपल्यामुळे तुझं यंत्र खराब होतंय. गुरुवारी मात्र राहवलं नाही."

"पण मला का नाही सांगितलंस?"

"तू माझ्या गुडघ्यांचा तक्ता केला असतास."

केला असता. खोटं कशाला बोलू?

जरा लागलं मनाला. नवऱ्याला माहीत होतं, शेजारणीला माहीत होतं, बाईंनाही संशय होता, आणि मला, पोटच्या पोरीला, नाही. संध्याकाळपर्यंत फुगून होते. मग कालच्या एकोणीस नंबरच्या नोंदी नीट बघितल्या आणि फुगणं संपलं. एक मोठा, दोन छोटे, एक मोठा, दोन छोटे. चार सदतीसला भूकंप, एकोणीस सेकंद. मग एकवीस सेकंद शांतता. मग पुन्हा एक मोठा, दोन छोटे!

तडक आईला फोन लावला. "भूकंप झाल्यावर तुम्ही नाचत राहिलात?"

"अगं, मधे थांबलो ना. सुई उडाली होती तबकडीवरची. ती ठेवली परत."

"आई! टेबलाखाली बसायचं म्हणून किती वेळा शिकवलंय!"

"टेबल अंगणात होतं," आई म्हणाली.

मंगळवार, २५ मार्च

बैठक. मी मुद्देसूद बोलले, बाण काढले नाहीत. फेब्रुवारीचा धक्का, परवाचा धक्का, सहा आणि एकोणीस. मग इंजिनियरनी तोच प्रश्न विचारला ज्याची भीती होती: "या दोन डब्यांवर महिनाभर कसलीतरी थरथर आहे. ती काय? अहवालात नाचणाऱ्या पायांची म्हणता, पण पायांचीच कशावरून?"

मी बाईंकडे बघितलं. बाईंनी मागच्या रांगेकडे बघितलं. आई उठली. तिनेच सकाळी ठरवलं होतं, "मी येते. माझ्या पायांची साक्ष मीच देणार." सोबत मास्तर, मिशा वळवलेल्या, हातात तबकडीची पेटी.

सभागृहाच्या कोपऱ्यात जादाचा डबा लावून ठेवला होता. खुर्च्या मागे सरकवल्या. सगळे समिती सदस्य भिंतीला टेकून उभे. मास्तरांनी सुई ठेवली. पडद्यावर रेघ उठली, एक मोठा, दोन छोटे, आणि मी शेजारी महिन्याभरापूर्वीची रेघ लावली. तंतोतंत. आई एका वळणावर चुकली, तिथे रेघेचा गोंधळ झाला, आणि जुन्या रेघेवरही नेमका तसाच गोंधळ होता. "तिथे मी नेहमीच चुकते," आई मोठ्याने म्हणाली. सभागृहात जो काही हशा उठला! टाळ्यासुद्धा पडल्या.

इंजिनियरही हसले. मग पुढे आले आणि परवाच्या धक्क्याच्या दोन रेघा एकीवर एक ठेवून बघायला मागितल्या. बराच वेळ बघत राहिले. मान्य करावं लागेल, सरळ माणूस. म्हणाले, "मधे नदी आहे असं मीच म्हणालो होतो ना? या दोघी तर हातात हात घालून हलतायत."

दवाखाना काठावरच, पण पाया खोल नेऊन. अग्निशमन केंद्र टेकडीच्या रस्त्याला, खडकावर. सगळ्यांचे हात वर. बाईंनी टेबलाखालून माझा हात इतका दाबला की अंगठी रुतली.

रविवार, ३० मार्च

आई आणि मास्तर जेवायला आले होते. नवऱ्याने मास्तरांना पोहायला शिकवायचं कबूल केलंय. मास्तर त्याला नाच शिकवणार. त्याचे पाय बघता मास्तरांचं काम अवघड आहे.

जेवणानंतर आई मला रंगवलेल्या खोलीत घेऊन गेली. खिडकीशी बसली. पडद्यांवरून हात फिरवला. मला कळलंच, आणि या वेळी सगळ्यांच्या आधी कळलं.

"तू इथे येणार नाहीस," मी म्हटलं. "पुलापलीकडे जाणार."

"पुढच्या महिन्यात. रागावलीस?"

रागावले नव्हते. थोडं दुखलं, ते तिला सांगितलंही. तिने जवळ घेतलं. मग आम्ही दोघी त्याच खिडकीत बसून पडदे कुणाकडे चांगले दिसतील यावर बोलत राहिलो. पडदे मास्तरांकडे जाणार.

"एक विचारायचं होतं," आई म्हणाली. "माझं घर रिकामं राहील. तुझा सहा नंबर चालेल ना तिथे?"

"उलट छान. माणूस नाही, आवाज नाही. असं घर मिळायला नशीब लागतं."

"एकोणीसचं मात्र काही सांगता येत नाही हं," आई म्हणाली आणि लाजली. माझी आई लाजली!

ते गेल्यावर डब्यांची नोंदवही काढली. एकोणीसच्या रकान्यात मी तीन आठवड्यांपूर्वी लिहिलेलं होतं: 'सोम, गुरु, दुपारी ४ ते ५. अज्ञात थरथर. यंत्रात दोष?' ते खोडलं आणि नीट अक्षरात लिहिलं: 'एप्रिलपासून रोज. दोष नाही.'